न बोलण्याचा विषय : आपली मूत्रसंस्था

गुडघे दुखतात हे आपण चारचौघींत बिनदिक्कत सांगतो. पित्ताची कहाणी तर हळदीकुंकवालासुद्धा रंगते. पण लघवीचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. शाळेत करंगळी दाखवायची सवय लागते, ती जन्मभर सुटत नाही. डॉक्टरांसमोर शेजारी नवरा किंवा सासूबाई बसलेल्या असल्या तर "जरा कणकण वाटते" एवढंच सांगून बाई उठते, आणि जे सांगायला आलेली असते ते तसंच घेऊन घरी जाते.

या पानासाठी येणाऱ्या पत्रांत अशी न सांगितलेली दुखणी पुष्कळ असतात. बहुतेक पत्रांखाली नाव नसतं. कुणाला दर दोन महिन्यांनी जळजळ होते, कुणाला शिंक आली की साडी बदलावी लागते, कुणी शिक्षिका सकाळी सातला घरून निघते ती दुपारी परत येईपर्यंत पाण्याला शिवत नाही. प्रत्येकीला निराळं उत्तर देण्यापेक्षा ही सगळी व्यवस्था आपल्या पोटात कशी मांडलेली आहे, तेच एकदा नीट सांगावं असं वाटलं. घरात नळाचं पाणी कुठून येतं आणि मोरीचं कुठे जातं हे ठाऊक असलं, की तुंबल्यावर घाबरायला होत नाही.

सुरुवात मूत्रपिंडांपासून करू. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहा. मागे वळलेले अंगठे जिथे टेकतात त्याच्याही थोडं वर, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना ही दोन पिंडं असतात. आकार घेवड्याच्या बीसारखा, लांबी दहा-बारा सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढी. वजन म्हणाल तर एकेकाचं अर्धपावाच्या आसपास. उजवीकडे वर यकृत ऐसपैस बसलेलं असल्यामुळे उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असतं. दिवसभर धुणं-पाणी करून कंबर धरली की "किडनीचं तर नसेल ना?" अशी शंका अनेकींना येते. खाली, कमरेच्या पट्ट्यात, वाकलं-उठलं की दुखणारं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. मूत्रपिंडाचं दुखणं वर, बरगडीखाली, बहुधा एका बाजूला असतं, आणि कूस बदलली म्हणून ते कमी-जास्त होत नाही.

ही पिंडं करतात काय? रक्त गाळतात, असं आपण शाळेत शिकलो. ते बरोबर आहे, पण अर्धंच. चाळणीने पीठ चाळताना कोंडा वर राहतो, तसं इथे होत नाही. इथली रीत दिवाळीच्या आवराआवरीसारखी आहे. आपण फडताळ साफ करताना एकेक नको असलेली वस्तू शोधत बसत नाही. आधी सगळंच्या सगळं खाली काढतो, आणि मग हवं तेवढंच परत आत लावतो. उरतं ते भंगारात. मूत्रपिंडं नेमकं हेच रोज करतात.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन छोट्या पिंडांकडे जातो. मिनिटाला एक लिटरहून जास्तच. प्रत्येक पिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, आणि त्याला धरून बसलेली एका वाटीसारखी पिशवी. सतराव्या शतकात इटलीतल्या माल्पिगीने हे गुच्छ भिंगाखाली पाहिले होते. त्यांच्याभोवतीची वाटी आणि तिला जोडलेली नळी यांचं नातं १८४२ मध्ये विल्यम बोमन या इंग्रज शल्यतज्ज्ञाने उलगडून दाखवलं, म्हणून त्या वाटीला आजही त्याचंच नाव आहे.

या गुच्छांतून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी खाली उतरतं. मोठ्या दहा-बारा बादल्या म्हणा ना! त्यात साखर असते, मीठ असतं, क्षार असतात, आणि शरीराचा कचराही असतो. रक्तपेशी आणि प्रथिनं मात्र मोठी असल्यामुळे वरच थांबतात. मग पुढच्या लांब, वळणावळणाच्या नळीत परत लावालावी सुरू होते. साखर सगळी परत, मीठ गरजेपुरतं परत, पाणी तर १८० लिटरांपैकी १७८ लिटरांहून अधिक परत. उरतं ते दीड-दोन लिटर. ते आपण बाहेर टाकतो. रक्तातली साखर फार वाढली, की परत घेणाऱ्यांचे हात अपुरे पडतात आणि ती लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागतात हे आपल्या जुन्या वैद्यांनी पाहून ठेवलं होतं, "मधुमेह" हे नाव त्यातूनच आलं. मधुमेही माणसाला वारंवार लघवीला का होते आणि तहान का लागते, तेही यातच आलं. साखर जाताना आपल्याबरोबर पाणी ओढून नेते.

पाणी किती ठेवायचं याचा निरोप मेंदूच्या खालच्या एका छोट्या ग्रंथीकडून येतो. तुम्ही उन्हातून बाजार करून आलात, घाम गेला, पाणी प्यायलं नाही, तर निरोप जातो की सांभाळून खर्च करा. लघवी कमी होते, पिवळी गडद होते. दोन भांडी ताक घेतलं की तासाभरात रंग फिका पडतो. पाणी पुरेसं पोटात गेलं की नाही हे पाहायला घरात याहून सोपं मापट नाही. रंग फिक्या गवती चहाएवढा असला की झालं. बीट खाल्लं तर लालसर, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या तर भडक पिवळी, क्षयाच्या एका औषधाने नारिंगी होते. त्याला भ्यायचं कारण नाही. पण बीट-बिट काही खाल्लेलं नसताना लाल दिसली, आणि दुखत काही नसलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा. दुखत नाही म्हणून सोडून देण्याचा हा प्रकार नव्हे.

मूत्रपिंडांची आणखी कामं आहेत, ती फारशी कुणाला माहीत नसतात. रक्तदाब ताब्यात ठेवण्यात त्यांचा हात असतो. हाडांतल्या मज्जेला "रक्तपेशी बनवा" असा हुकूम तिथूनच सुटतो. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व पुरतं कामाला लागतं तेही तिथेच. म्हणून मूत्रपिंडं थकलेल्या माणसाचा रक्तदाब चढतो, चेहरा पांढुरका पडतो आणि हाडं ठिसूळ होतात.

तयार झालेली लघवी दोन नळ्यांतून खाली येते. या मूत्रवाहिन्या वीत-दीड वीत लांब, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर, आणि अगदी चिंचोळ्या. पाणी उतारावरून वाहावं तसं ते वाहत येतं असं समजू नका. तसं असतं तर झोपल्यावर सगळं थांबलं असतं. या नळ्या स्वतःच आकुंचन पावून थेंब थेंब पुढे ढकलतात, मिनिटातून एकदा-दोनदा, कधी त्याहून जास्त वेळा. मुतखडा अडकतो तो इथे. त्या बारीक नळीत खडा अडकला आणि नळी त्याला ढकलू लागली, की पाठीतून जांघेपर्यंत जी कळ येते, ती अनुभवलेल्या बायका "त्यापेक्षा बाळंतपण बरं" असं म्हणतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपसूक पडून जातात. कुळथाचं कढण जरूर प्या, चविष्ट असतं आणि त्या निमित्ताने पाणी पोटात जातं. मात्र ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर कढणावर विसंबू नका.

मूत्रवाहिन्या मूत्राशयात शिरतात त्या सरळ नव्हे, तिरक्या. त्यामुळे मूत्राशय भरून ताणलं की नळीचं तोंड आपोआप दाबलं जातं आणि लघवी उलट वर जात नाही. विहिरीच्या पंपाला झडप असते ना, तशीच युक्ती.

आता मूत्राशय. ही स्नायूंची पिशवी ओटीपोटात, पुढच्या हाडामागे असते. रिकामी असताना चुरगळलेल्या फुग्यासारखी, भरली की वर चढत जाते. दीडशे-दोनशे मिलिलिटर जमले की पहिली वर्दी येते, "वेळ मिळेल तेव्हा पाहा." चारशे-पाचशेला मात्र वर्दी राहत नाही, हुकूम होतो. बाहेर जाण्याच्या दाराशी दोन कड्या आहेत. आतली आपल्या हातात नाही, ती आपसूक चालते. बाहेरची आपल्या हातात. तान्ह्या मुलाला ही बाहेरची कडी लावता येत नाही. आई मांडीवर धरून "शूऽऽ" करते, त्या आवाजाशी हळूहळू त्याची सांगड बसते, आणि दोन-तीन वर्षांचं झालं की त्याला समज येते. रात्रीचं अंथरूण ओलं होणं त्यानंतरही काही काळ चालू शकतं. पाच वर्षांपर्यंत त्याची चिंता नको, आणि त्यानंतरही मारून-ओरडून ते कधी थांबत नाही.

आपल्या ओटीपोटाची रचना म्हणजे चाळीतल्या खोलीसारखी. पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे गुदाशय, आणि तिघांच्या मध्ये जेमतेम एक पडदा. एकाने पाय पसरले की दुसऱ्याला आखडून घ्यावे लागतात. म्हणून दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत सारखं जावंसं वाटतं, मधल्या काळात गर्भाशय वर चढलं की जरा मोकळीक मिळते, आणि शेवटी बाळाचं डोकं खाली आलं की पुन्हा तीच तऱ्हा. बद्धकोष्ठ झालं तरी लघवीची कुरबूर वाढते, तेही याचमुळे.

आणि आता ज्या एका गोष्टीमुळे बायकांचा हा सगळा जाच सुरू होतो ती सांगते. मूत्राशयातून बाहेर येणारा मूत्रमार्ग पुरुषांत सुमारे वीस सेंटिमीटर लांब असतो. आपल्याकडे तो चारच सेंटिमीटर आहे. चार बोटंसुद्धा नाही भरत. शिवाय त्याचं तोंड योनिमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या शेजारी. आतड्यात सुखाने नांदणारे ई. कोलाय जातीचे जंतू तिथून इकडे आले, की त्यांना चढायला फक्त चार सेंटिमीटरांचा जिना. मूत्राशयाला होणाऱ्या जंतुसंसर्गांपैकी बहुतेक याच जंतूंमुळे होतात. आपण अस्वच्छ आहोत म्हणून हे होतं असं मनाला लावून घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत. स्वच्छतेची शिकस्त करणाऱ्या बाईलाही हे होतं. रचनाच तशी आहे.

लक्षणं तुमच्या ओळखीची आहेत: जळजळ, सारखी घाई, गेलं की चार थेंब, ओटीपोटात ठणका, लघवीला वास, कधी गढूळपणा. आपल्याकडे याला "उन्हाळी लागली" म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचं पाणी, सातूचं पाणी, सब्जा, शहाळं असे उपाय करतात. पाणी कमी पडल्यामुळे नुसती जळजळ होत असेल तर या उपायांनी ती एका दिवसात थांबते, आणि घेण्यात काहीच वाईट नाही. पण दुसऱ्या दिवशीही तीच जळजळ असेल तर ती उन्हाळी नव्हे, जंतू आहेत. लघवी तपासून घ्या. डॉक्टर अँटिबायोटिक देतील तेवढे दिवस ते पुरतं घ्या. दोन गोळ्यांनी बरं वाटलं म्हणून उरलेल्या डब्यात ठेवून पुढच्या वेळी जाऊबाईंना देणं, हा उद्योग करू नका. अर्धवट औषधाने निगरगट्ट झालेले जंतू आज डॉक्टरांची मोठीच डोकेदुखी आहेत.

नवविवाहितांच्या बाबतीत थोडं स्पष्टच लिहिते, कारण हे त्यांना कुणी सांगत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हा त्रास फार मुलींना होतो. पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळी बाहेरचे जंतू मूत्रमार्गात ढकलले जातात, एवढंच त्याचं कारण. नवी नवरी कुणाला सांगणार? सासरी "उष्णता झाली असेल" म्हणून विषय संपतो, आणि ती आपल्यालाच काही रोग लागला, की नवऱ्याकडून काही आलं, अशा विचारांनी रात्र काढते. संबंधानंतर उठून लघवी करून यावं, पाणी प्यावं. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे कधी नाही. ही सवय मुलींना लहानपणीच लावावी. योनिमार्गाच्या आत साबण किंवा जंतुनाशकं घालून धुऊ नये. तिथले चांगले जंतू मरतात आणि वाईटांना जागा होते. घरात मुलीचं लग्न ठरलं असेल, तर शालूबरोबर एवढं तिच्या कानावर घाला.

जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग जिना चढून मूत्रपिंडापर्यंत पोचला असं समजा. तेव्हा उद्याची वाट पाहायची नाही. गरोदरपणी तर याची धास्ती जास्त. त्या दिवसांत मूत्रवाहिन्या सैलावतात, लघवी रेंगाळते. कधी कधी काहीच लक्षण नसताना लघवीत जंतू वाढत असतात, आणि त्यापायी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण होऊ शकतं. नाव घालायला गेल्यावर रक्ताबरोबर लघवीही तपासतात ती याकरता. "मला काही त्रास नाही" म्हणून ती तपासणी टाळू नका.

आता त्या शिक्षिकेच्या पत्राकडे येते, कारण ते एकटीचं नाही. लग्नाला निघायचं तर सकाळपासून पाणी बंद. एसटीचा पाच तासांचा प्रवास असला तर आदल्या रात्रीपासून. बँकेत, कचेरीत, भाजीच्या गाळ्यावर, बंदोबस्ताच्या ड्यूटीवर, सगळीकडे तेच. बाईमाणसाने पाणी कमी प्यायचं आणि लघवी दाबून धरायची, हे जणू शिस्तीत मोडतं! पण पाणी कमी म्हणजे लघवी दाट, दाट म्हणजे मुतखड्याला आमंत्रण. आणि दाबून धरणं म्हणजे जंतूंना वाढायला वेळ देणं. लघवीला जाणं हा मूत्राशय धुऊन काढण्याचाच प्रकार आहे. दिवसातून सहा-सात वेळा जायला हवं, तीन-चार तासांपेक्षा जास्त धरू नये.

हे सांगणं सोपं आहे, मला ठाऊक आहे. जाणार कुठे? स्टँडवरच्या मोरीत पाय ठेववत नाही. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या संघटनांनी "राईट टू पी" नावाची मोहीम सुरू केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, आणि बायकांसाठी पुरेशा मुताऱ्याच का नाहीत, हे त्यांनी महापालिकेला विचारलं. नाव ऐकून हसणारे हसले. पण हा प्रश्न नगरपालिकेच्या दारात नेण्याजोगा आहे, हे त्यातून पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. आपल्या गावच्या महिला मंडळाने पाककृतींच्या स्पर्धेबरोबर बाजारपेठेतल्या बायकांच्या मुतारीचा अर्जही एकदा करून पाहावा. तोवर सोय म्हणून: प्रवासात पाणी थोडं थोडं प्यावं, शाळेत मधल्या सुट्टीत जायचंच असा नेम ठेवावा, आणि बसण्याची किळस येते म्हणून अर्धवट उठून अर्धवट रिकामं करू नये. आपल्या हवेत दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी साधारण पुरतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच घ्यावं.

शिंकेबरोबर साडी ओली होणाऱ्या भगिनींना: हे वय झालं म्हणून भोगायचं दुखणं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. मग खोकला, हसू, हंडा उचलणं, कसल्याही जोराने बाहेरची कडी किंचित उघडते. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये या स्नायूंचा व्यायाम सांगितला, आणि आजही पहिला उपाय तोच आहे. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरायची आहे असं समजून तो भाग आत-वर ओढा. पोट आणि मांड्या ढिल्या हव्यात, श्वास चालू हवा. पाच मोजेपर्यंत धरा, सोडा, तेवढीच विश्रांती घ्या. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा मोजेपर्यंत न्या. कुकरची शिट्टी होईपर्यंत उभ्या उभ्या करता येतं, कुणाला पत्ताही लागत नाही. मात्र फरक दिसायला तीन महिने जातात. आठ दिवसांत सोडून "काही उपयोग नाही" म्हणायचं नाही. लघवी करताना मध्येच रोखून हा व्यायाम करू नका, त्याने मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. अंग बाहेर येत असेल, खाली काही लोंबल्यासारखं वाटत असेल, तर फडकी बांधून वर्षं काढू नका. त्यावर आधाराची कडी बसवण्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत. पाळी गेल्यानंतर वारंवार जळजळ होणाऱ्यांना डॉक्टर एक मलम देतात, त्याचाही चांगला गुण येतो.

राहता राहिली मूत्रपिंडं निकामी होण्याची गोष्ट. ही पिंडं फार सोशिक. निम्म्याहून अधिक काम बंद पडलं तरी कुरकुर करत नाहीत. पायावर सूज, भूक जाणं, मळमळ, अंगाला खाज हे सगळं दिसायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. १९७५ मध्ये आणीबाणीच्या स्थानबद्धतेतून सुटलेल्या जयप्रकाश नारायणांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं आढळलं, मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर डायलिसिसचे उपचार झाले. तोवर हा शब्दच पुष्कळ घरांत कुणी ऐकलेला नव्हता. हे यंत्र मुळात हॉलंडच्या विलेम कोल्फ या डॉक्टरने महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये बनवलं. सामान मिळेना म्हणून त्याने खाटकाकडे मिळणारी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेनची नळी लाकडी पिंपाला गुंडाळली आणि त्यातून रक्त फिरवलं. पहिले बरेच रोगी दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्रामुळे वाचली. मूत्रपिंडाचं यशस्वी रोपण १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांत झालं. वेल्लोरला १९७१ मध्ये आपल्याकडचं पहिलं यशस्वी रोपण झालं.

एका मूत्रपिंडावर माणूस चांगला जगतो, म्हणून जिवंतपणी एक देता येतं. आपल्या देशात असं देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आया आणि बायको. घेणाऱ्यांत मात्र पुरुष जास्त. देऊ नये असं मी म्हणत नाही. पण घरात देण्याची वेळ आली तर भाऊ, दीर, मुलगा यांचीही तपासणी होऊ दे, एवढं बोलायला हरकत नाही. १९९४ चा कायदाही संमती कुणाच्या दबावाखाली नसावी असंच म्हणतो.

मूत्रपिंडं खराब करणारे दोन मोठे चोर म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. ज्यांच्या घरी यांपैकी काही आहे, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनीन आणि लघवीतली प्रथिनं तपासावीत. लघवीला रोजच साबणासारखा फेस येत असेल तरी तपासावं. सासऱ्यांच्या, यजमानांच्या तपासण्यांच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असतात. त्याच दिवशी आपलंही रक्त देऊन यावं, खेप वाचते. गुडघ्यांसाठी, कंबरेसाठी महिनोन्‌महिने आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेणं हा तिसरा चोर. कुणीतरी दिलेली अनोळखी भस्मं हा चौथा. त्यांतल्या काहींत शिसं-पारा असतो.

आता लघवी तपासायला देण्याची रीत, कारण तिथे चूक झाली की अहवालच चुकतो. घरातली जॅमची बाटली धुऊन नेऊ नका, प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. शक्यतो सकाळची पहिली लघवी घ्यावी. आधी नुसत्या पाण्याने पुढून मागे धुऊन घ्या. पहिली धार सोडून द्या, मधली धार बाटलीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. तासाभरात पोचती करा. उशीर होणार असेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, घरच्यांना सांगून ठेवा. अँटिबायोटिक सुरू करायचं असेल तर आधी नमुना, मग पहिली गोळी. पाळी चालू असेल तर चार दिवस थांबा, आणि थांबण्यासारखं नसेल तर चिठ्ठीवर तसं लिहून द्या. नाहीतर लघवीत रक्त आलं म्हणून पुढच्या सगळ्या तपासण्या मागे लागतील.